'ऊती' हा शब्द ठेवायचा की सरळ 'टिश्यू' म्हणायचं?

शब्दवेल
परवा भाचीचा नववीच्या विज्ञानातला ऊतींचा, म्हणजे शरीरात एकच काम करणाऱ्या पेशींच्या समूहांचा, धडा घेत होते तर ती म्हणाली मावशी, ऊती म्हणजे टिश्यू आणि टिश्यू म्हणजे तर हात पुसायचा कागद, मग शरीरात कागद कसा? प्रश्न अगदी बरोबर होता, आणि पुस्तकात त्याचं उत्तर कुठेच दिलेलं नाही याचं मला खरंच वाईट वाटलं.
टिश्यू आलाय जुन्या फ्रेंचमधल्या 'तिस्यू'वरून, अर्थ 'विणलेलं', आणि त्याच्या मागे लॅटिनचं 'तेक्सेरे' म्हणजे विणणे. टेक्स्टाइल, टेक्स्चर, टेक्स्ट, कॉन्टेक्स्ट सगळी त्याचीच भावंडं. 14व्या शतकाच्या शेवटी हा शब्द इंग्रजीत आला तेव्हा टिश्यू म्हणजे भारी कापड, बऱ्याचदा सोन्याचांदीची तार घालून विणलेलं. जरीच्या झिरझिरीत कापडाला आपण आजही टिश्यू म्हणतो ना, तो या जुन्या अर्थाच्या सगळ्यात जवळचा. पातळ कागदाला हे नाव 18व्या शतकात मिळालं, असल्या उंची कापडांच्या घड्यांमध्ये तो घालायचे म्हणून, असं सांगतात. नाक पुसायचा टिश्यू तर जेमतेम शंभर वर्षांचा.
शरीरशास्त्रात टिश्यू हा शब्द रुजवला झेवियर बिशा या फ्रेंच डॉक्टरने. 1801 च्या ग्रंथात त्याने शरीरातल्या ऊतींचे 21 प्रकार सांगितले आणि तेही सूक्ष्मदर्शक न वापरता, अवयव उकळून, वाळवून, भिजवून, आम्लात टाकून काय होतं ते बघून. पुढच्याच वर्षी गेला बिचारा, वय 30.
आणि आपला ऊती? संस्कृत 'वे' धातू, अर्थ विणणे, त्यावरून 'ऊति' म्हणजे विणकाम. म्हणजे ज्याने हा शब्द निवडला त्याने टिश्यूचा गाभा ओळखून निवडला. तो टाकून देऊ नये असं मला मनापासून वाटतं, फक्त शिकवताना विणकाम सांगा.

साधंबोल
ताई माहिती छान पण मी पूर्ण विरोधात. वडिलांची गाठ तपासायची होती तेव्हा संमतीपत्रात 'ऊतींचा नमुना' लिहिलेलं, आई ते तीनदा वाचून घाबरून मला विचारते की हे नक्की काय काढणार आहेत. मी म्हटलं अगं टिश्यू, छोटा तुकडा, तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला. शब्द कितीही अचूक असू दे, ज्याच्यासाठी लिहिलाय त्यालाच कळत नसेल तर काय करायचं त्याचं?
शिवाय ऋग्वेदात ऊति हा शब्द ढीगभर वेळा येतो आणि तिथे त्याचा अर्थ रक्षण, मदत असा आहे, तो 'अव्' धातूवरून. म्हणजे संस्कृत येणाराही गडबडणार आणि न येणाऱ्याला तर काहीच बोध नाही.

काचपट्टी
मी हिस्टोपॅथॉलॉजीच्या, म्हणजे ऊती तपासून आजार ओळखायच्या लॅबमध्ये काम करते, रोज मायक्रोटोम या कापायच्या यंत्रावर चार-पाच मायक्रॉनचे, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या चार-पाच पट जाडीचे, काप काढायचे, रंगवायचे, स्लाइड लावायच्या. माझी तक्रार वेगळीच आहे, मला 'विणलेलं' ही कल्पनाच दोन्ही भाषांत खटकते. अभिस्तर ऊती, म्हणजे अवयवांवरचं आवरण बनवणारी ऊती बघा, पेशी फरशीसारख्या एकमेकींना चिकटून बसलेल्या असतात, धागा कुठाय? रक्त ही संयोजी, म्हणजे शरीराचे भाग जोडणारी ऊती, ती तर वाहते! बिशाच्या वेळी सगळे सजीव पेशींचे बनलेले असतात हा पेशी सिद्धांत नव्हता, थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाने प्राण्यांच्या पेशींबद्दल तो मांडला 1839 मध्ये, म्हणून तेव्हा डोळ्यांना जे कापडासारखं दिसलं त्याला कापडाचं नाव दिलं. आता मुलांना विणकाम सांगितलं तर ती पेशी म्हणजे धागे समजतील.
कोलॅजन या प्रथिनाचे तंतू मात्र खरंच विणल्यासारखे दिसतात हे कबूल करते. त्वचेच्या आतल्या थरात ते असे आडवेतिडवे गुंतलेले असतात की बघत राहावं.

शब्दवेल
काचपट्टी, रक्ताचा मुद्दा बिनतोड. पण नाव व्याख्या थोडीच असतं? रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने 1665 मध्ये बुचाच्या कापात रिकाम्या खोल्या पाहिल्या आणि त्यांना सेल (आपली पेशी) म्हटलं, पुढे कळलं की जिवंत सेल रिकामी नसतेच, तरी नाव राहिलंच ना. आणि विणकामाची प्रतिमा एकट्या फ्रेंचची नाही. जर्मनमध्ये 'गेवेबे', मूळ विणणे. रशियनमध्ये 'त्कान', कापडाला आणि ऊतीला एकच शब्द. अरबीत 'नसीज', फारसीत 'बाफ्त', तुर्कीत 'डोकू', सगळे विणण्यावरूनच. जपानी 'सोशिकी'मधलं 'शिकी' हे अक्षरही विणण्याचं, आणि तोच शब्द संघटनेलाही वापरतात. तुमच्या हिस्टॉलॉजीतला, म्हणजे ऊतींच्या अभ्यासाच्या नावातला, 'हिस्टोस'सुद्धा ग्रीकमध्ये माग किंवा मागावरचं कापड. एवढ्या भाषांनी तीच प्रतिमा धरून ठेवली, आपण का सोडायची?

मूळशोध
म्हणजे टिश्यू हा शब्द मुळात संस्कृतच झाला की! तेक्सेरे आणि आपलं तक्ष् एकच आहे.

शब्दवेल
नाही हो, नातं आहे पण ते चुलत. दोघांचं मूळ एकाच आदिम धातूत, पण संस्कृतात तक्ष् म्हणजे लाकूड तासणे, घडवणे, त्यावरून तक्षक म्हणजे सुतार. ग्रीकमध्ये 'तेक्तोन' म्हणजेही सुतारच. लॅटिनमध्ये तो विणकराकडे गेला. यातला कोणीही दुसऱ्याचा बाप नाही, कृपया असं पसरवू नका, त्याने खरी गोष्टसुद्धा लोकांना खोटी वाटायला लागते. आणि ऊती या घराण्यातला नाहीच, त्याचा धातू वेगळा.

साधंबोल
पण माझ्या आईचा प्रश्न राहिलाच की.

शब्दवेल
आई 'ओतप्रोत' म्हणतात का? मायेने ओतप्रोत वगैरे? आपल्याला वाटतं ते ओतण्यावरून आलंय, पण नाही. ते 'ओत' आणि 'प्रोत', उभं-आडवं विणलेलं, आणि ओतमधला 'उत' याच 'वे' धातूचा. बृहदारण्यक उपनिषदात गार्गी याज्ञवल्क्याला विचारते की हे सगळं पाण्यात ओतप्रोत आहे, मग पाणी कशात ओतप्रोत आहे? म्हणजे ऊतीचं सख्खं भावंड त्यांच्या तोंडात आधीपासून आहे.

साधंबोल
ओतप्रोतचं मला खरंच माहीत नव्हतं, आत्ता आईला सांगितलं तर तिलाही आवडलं. तरी माझं मत तेच, संमतीपत्रावर 'टिश्यू, म्हणजे शरीरातला छोटा तुकडा' असंच हवं, कारण घाबरलेल्या माणसाला तिथे गार्गी सांगत बसता येत नाही. शाळेच्या पुस्तकात ऊती ठेवा, माझी हरकत नाही.

काचपट्टी
संमतीपत्राबद्दल साधंबोलशी शंभर टक्के सहमत. आणि शब्दवेल, भाचीला विणकाम सांगणारच असाल तर सोबत रक्ताच्या थेंबाचं चित्रही दाखवा, आणि त्यातला धागा कुठाय ते तिलाच शोधू द्या. रक्त गोठताना फायब्रिन या प्रथिनाच्या धाग्यांचं जाळं तयार होतं, तिथे तो तिला सापडेल.