रेल्वेभरती "कायम गुणवत्तेवरच" झाली म्हणणाऱ्यांना उत्तर

गिरणगावकर: काल इथे एकाने लिहिलं, "मराठी पोरं फॉर्म भरत नाहीत. रेल्वेत भरती कायम गुणवत्तेवरच झाली, रडगाणं थांबवा." रात्रभर डोक्यातून गेलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला गाडी सुटली, तेव्हा इंजिनावर विलायतेतून आणलेले गोरे होते. पुढे ड्रायव्हर, गार्ड, फोरमन या जागा अँग्लो-इंडियनांकडे, म्हणजे युरोपीय-भारतीय मिश्र वंशाच्या समाजाकडे गेल्या. आपल्या माणसाला मिळाला घाटातला सुरुंग आणि रुळाखालची खडी, तीही मुकादमाच्या मर्जीवर. यात कुठली परीक्षा होती? स्वातंत्र्यानंतर घटनेच्या ३३६व्या कलमाने अँग्लो-इंडियनांच्या रेल्वे, कस्टम, पोस्ट आणि तार खात्यांतल्या जागांना दहा वर्षं संरक्षण दिलं, दर दोन वर्षांनी दहा टक्के कमी करत. योग्यच केलं. एका समाजाचं पोट रेल्वेवर आहे हे तेव्हा कळत होतं, मग ज्यांच्या जमिनीवरून रूळ गेले त्यांचं नाव काढलं की प्रांतवाद कसा होतो?

कल्याणपूर्व: १८५३ वरून २०२४ चा फॉर्म भरता येत नाही, दादा. घटनेचं सोळावं कलम वाचा, जन्मस्थान बघून सरकारी नोकरी नाकारता येत नाही. साताऱ्याच्या सुरेखा यादव १९८८ मध्ये इंजिनावर चढल्या, देशातली पहिली महिला ड्रायव्हर. कुठल्या भूमिपुत्र कोट्यातून? मी स्वतः परीक्षा देऊन लागलो. आमच्या क्लासला बिहारची चार-चार मुलं एका खोलीत राहून दोन-तीन वर्षं अभ्यास करायची. आपली मुलं पोलीस भरती, तलाठी असं करत फिरायची आणि रेल्वेचा फॉर्म शेवटच्या दिवशी भरायची. हे डोळ्यांनी पाहिलंय.

अप्रेंटिसवाला: अभ्यासाचं आम्हाला सांगू नका. आयटीआय केलं, वर्कशॉपात अप्रेंटिसशिप केली, तेलाने माखून घरी यायचो. स्टायपेंडमध्ये पास आणि डबा भागायचा नाही. पूर्वी अशा मुलांना महाव्यवस्थापकांच्या अधिकारात सब्स्टिट्यूट, म्हणजे बदली कामगार म्हणून घेत आणि पुढे कायम करत. आमच्या वेळी ते दार बंद झालं. ग्रुप डी, म्हणजे सगळ्यात खालच्या श्रेणीत वीस टक्के राखीव, तेही परीक्षा देऊन. म्हणून २० मार्च २०१८ ला पोरं माटुंगा-दादरमध्ये रुळांवर बसली आणि लाठ्या खाल्ल्या. त्यात मराठी पोरं किती होती ते येऊन बघायचं होतं. आळशी म्हणे!

कल्याणपूर्व: आणि त्या दिवशी माझी आई केमोथेरपीला निघालेली, गाडीत अडकली. तिचा काय गुन्हा? १९६१ च्या अप्रेंटिस कायद्यात २०१४ च्या दुरुस्तीपर्यंत स्पष्ट लिहिलेलं होतं, शिकवणाऱ्याने नोकरी दिलीच पाहिजे असं बंधन नाही. सही करताना वाचलं नव्हतं?

अप्रेंटिसवाला: तुमच्या आईंबद्दल वाईट वाटतं, मनापासून. पण सतराव्या वर्षी कोण कायदा वाचतं? "अप्रेंटिस झालास, आता रेल्वेत लागलास" असं अख्खी चाळ म्हणायची, कारण आधीची सगळी तशीच लागली होती. तुम्ही परीक्षा देऊन आत गेलात आणि दार लावून घेतलंत.

कल्याणपूर्व: दार मी लावलं? तोंड सांभाळून बोला.

निवृत्त गार्ड: दोघे जरा थांबा. माझे वडील गँगमन, म्हणजे रुळांची देखभाल करणारे. पीडब्ल्यूआय, म्हणजे रूळ सांभाळणाऱ्या इन्स्पेक्टर साहेबांच्या बंगल्यावर पाणी भरलं तेव्हा हजेरीत नाव लागलं. त्या काळाचं गुणगान मला नको. पण परीक्षेवालेही फार सोवळे नाहीत. २००४ पासून गँगमन आणि ड्रायव्हरांनी लवकर निवृत्ती घेतली की मुलाला नोकरी, अशी योजना होती. तेव्हा तुमच्यातलं कोणी गुणवत्ता म्हणून ओरडलं नाही. पंजाब-हरयाणा उच्च न्यायालयाने ती समानतेत बसत नाही म्हटल्यावर बंद झाली. माझ्या शेजाऱ्याचा मुलगा अर्ध्यावर लटकला. आता तो डिलिव्हरीची पाकिटं वाटतो.

गिरणगावकर: काकांनी बरोबर नस पकडली. आणखी एक राहिलं. वर्षानुवर्षं पेपर इंग्रजी, हिंदी, उर्दूत. मराठी शाळेतल्या मुलाने गणित येत असून भाषेत मार खायचा. ऑक्टोबर २००८ मध्ये मनसेवाल्यांनी रेल्वेच्या परीक्षेला आलेल्या उत्तर भारतीय मुलांना मारलं, ते चूकच. पण पुढे २०१० पासून पेपर स्थानिक भाषांत यायला लागले, ही मागणी रास्त होती म्हणूनच ना?

कल्याणपूर्व: भाषेचं मान्य, तेवढंच. मारहाणीचं श्रेय कुणाला देणार नाही. नालंद्याहून दोन दिवस डब्यात उभं राहून आलेला मुलगाही गरिबाचाच.

अप्रेंटिसवाला: त्याच्याशी माझं भांडण नाहीच. २०१८ ला नव्वद हजार जागांसाठी दोन कोटींच्या वर अर्ज आले. तो आणि मी त्याच रांगेत होतो. मी एवढंच विचारतोय, ज्याला वर्कशॉपात शिकवून तयार केलं, त्याची वयोमर्यादा उलटेपर्यंत पुन्हा तीच परीक्षा का घेत राहायची? याचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.