सहावी एपी की क्रॉस कंट्री?

रारिटनकाठी

पुढच्या वर्षीचे विषय निवडायची वेळ आली आणि आमच्या सेंट्रल न्यू जर्सीतल्या मराठी घरांत तोच विषय पुन्हा सुरू झाला. लेक आता अकरावीत, म्हणजे ज्युनिअर इयरला जाईल. पाच एपी (हायस्कूलमध्येच घ्यायचे कॉलेजच्या पातळीचे विषय, शेवटी परीक्षा) तिने स्वतःच निवडल्यात: कॅल्क्युलस बीसी, फिजिक्स, यूएस हिस्टरी, इंग्लिश लँग्वेज आणि कॉम्प्युटर सायन्स. ओळखीतले सगळे सांगतायत की क्रॉस कंट्री सोड म्हणावं, तेवढ्या वेळात सहावी एपी बसते. ज्युनिअर व्हर्सिटीत, म्हणजे दुसऱ्या फळीत, धावून काय मिळणार?

मला हा सल्ला साफ नामंजूर आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: क्रॉस कंट्री म्हणजे ३.१ मैल, पाच किलोमीटर, मैदान-झाडी-चढउतारातून. व्हर्सिटीत, म्हणजे मुख्य संघात, शाळेचे सात जण धावतात, पहिल्या पाचांचे क्रमांक मिळवून बेरीज होते, ज्याची बेरीज कमी तो संघ जिंकतो. माझी लेक त्या सातांत नाही आणि बहुधा कधी येणारही नाही. बास्केटबॉल-सॉकरला ट्रायआउटमध्ये मुलं गाळतात. क्रॉस कंट्रीत बहुतेक शाळा येईल त्याला घेतात. सार्वजनिक शाळेतली ही बहुधा एकच अशी जागा, जिथे तुम्ही चांगले नसलात तरी संघात असता.

होल्मडेल पार्कची शर्यत एकदा जाऊन बघा. मध्यावर 'बोल' म्हणतात ती जागा आहे, खोलगट उतार आणि लगेच अंगावर येणारा चढ. पुढची मुलं केव्हाच संपवून गेलेली असतात आणि मागची ही पोरं तिथे गुडघ्यांवर हात टेकत चढत असतात. तेव्हा शाळेची सगळ्यात वेगवान मुलगी, पदक गळ्यात तसंच ठेवून, दोरीच्या पलीकडून त्यांच्या बरोबरीने पळत नाव घेऊन ओरडत असते. कोच म्हणजे इतिहासाचे सर. हातात स्टॉपवॉच, आणि शेवटच्या मुलीचीही वेळ ते वहीत लिहितात. मागच्या आठवड्यापेक्षा अकरा सेकंद कमी, एवढंच सांगतात. माझ्या मुलीला कुठल्याही परीक्षेच्या निकालाने इतकं ताठ उभं केलेलं मी पाहिलेलं नाही.

आपल्या घरपट्टीतून ही शाळा चालते. ही शर्यत, तो बँड, ते नाटक, सगळं त्याच शाळेचं आहे. त्यातला फक्त वर्गाचा भाग उचलायचा आणि बाकीचं फुकट गेलं म्हणायचं, हे मला पटत नाही. आणि सहाव्या एपीचा अभ्यास रात्री अकरानंतरच होणार, हे आपण सगळे जाणतो.

गणितवाली

ताई, तुमच्या मुलीचं कौतुकच आहे, पण मी पूर्ण विरोधात लिहितेय.

आपल्यातली निम्मी घरं अजून ग्रीन कार्डच्या रांगेत आहेत. माझा मुलगा एच-४ वर, म्हणजे आमच्या वर्क व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर आहे. त्याला फेडरल मदत नाही, फेडरल कर्ज नाही. एकवीस पूर्ण झाले आणि आमचा नंबर लागला नसेल तर तो आमच्या अर्जातून बाहेर, मग स्वतःचा एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) काढायचा. रटगर्सला, म्हणजे जर्सीच्या सरकारी विद्यापीठात, एपीत पाचपैकी ४ किंवा ५ आले तर क्रेडिट मिळतं, तो विषय पुन्हा पैसे भरून घ्यावा लागत नाही. एकेक परीक्षा शंभर डॉलरच्या आसपास आणि तोच विषय कॉलेजात घ्यायचा तर हजारोंच्या घरात. एखादं सत्र वाचलं तर आमच्यासाठी तो फार मोठा पैसा आहे. ज्यांचं बस्तान बसलंय त्यांनी धावण्याचा आनंद जरूर घ्यावा. आम्हाला ती सहावी एपी म्हणजे फी भरण्याची सोय आहे.

दुसरं. कॉलेजला जाणाऱ्या अर्जात कौन्सिलरला विचारतात की तुमच्या शाळेत जे विषय उपलब्ध होते, त्या मानाने या मुलाने किती कठीण निवडले. तिथे 'सर्वात कठीण' या खुणेसाठी आपली मुलं आपल्याच मुलांशी स्पर्धा करतायत. आपले इथे ना आजोबा त्या कॉलेजात शिकले, ना कोणी देणगीदार. गुणांशिवाय आपल्याकडे काय आहे?

फ्रिस्कोकर

टेक्सासमधून सांगतो. इथे हे अजून तीव्र आहे. १९९७च्या कायद्याने वर्गातल्या पहिल्या १० टक्क्यांना राज्याच्या विद्यापीठांत थेट प्रवेश. त्यातल्या यूटी ऑस्टिन विद्यापीठाचं गणित वेगळं, तिथे ६ टक्के होतं ते २०२६ पासून ५ टक्क्यांवर आणलंय. म्हणजे रँक हेच सर्वस्व. इथे अ‍ॅथलेटिक्स हा शाळेच्या दिवसातला एक तासच असतो आणि त्याला रँक काढताना एपीसारखं जास्तीचं वेटेज नसतं. चांगली धावणारी मुलगी त्या एका तासापायी रँकमध्ये खाली येते. पोरं आठवीपासून हा हिशोब शिकतात.

तरीही मी रारिटनकाठींच्या बाजूने आहे. हिशोब मुलांनी मांडलेला नाही, आपण मोठ्यांनी मांडलाय. याच राज्यात १९८४ पासून 'नो पास, नो प्ले' आहे, ७०च्या खाली आलात की संघाबाहेर. खेळासाठी अभ्यास करणारी कितीतरी मुलं या नियमामुळे वर्गात टिकली आहेत. दोन्ही बाजू एकमेकांना उचलून धरू शकतात, जर आपण होऊ दिलं तर.

पिठलंभाकरी

खेळाने प्रवेशालाही मदत होते, हे कोणी बोलत नाही. हार्वर्डच्या प्रवेशपद्धतीवरच्या खटल्यात आकडे बाहेर आले होते, निवडलेल्या खेळाडूंपैकी ८६ टक्क्यांना प्रवेश. मग आपणच का मागे राहायचं? खेळ घ्यावाच, पण नीट, क्लब लावून, प्रशिक्षक लावून. फेन्सिंग, रोइंग, स्क्वॉश असलं काहीतरी.

गणितवाली

@पिठलंभाकरी, तो आकडा कोचने आधीच हेरून मागितलेल्या खेळाडूंचा आहे, ज्युनिअर व्हर्सिटीत धावणाऱ्यांचा नाही. कॉलेजच्या खेळांची संघटना असलेल्या एनसीएएच्याच आकड्यांनुसार हायस्कूलच्या खेळाडूंपैकी ७ टक्क्यांच्या आसपास कॉलेजात खेळतात, सगळ्यात वरच्या डिव्हिजन १ ला जेमतेम २. डिव्हिजन ३ मध्ये खेळाची शिष्यवृत्ती नसते, हार्वर्डसारख्या आयव्ही लीगमध्येही नसते. खेळ प्रवेशासाठी घ्यायचा असेल तर त्याहून चांगली गुंतवणूक म्हणजे अभ्यास. निदान रारिटनकाठी तसा दावा करत नाहीयेत, त्याबद्दल त्यांना मानते.

दुसरी पिढी

मी इथेच वाढले, प्लेन्सबरोच्या शेजारच्या गावात. २०१५ साली मी हायस्कूलला होते आणि आमच्या घराघरांत एकाच पत्राची चर्चा होती. वेस्ट विंडसर-प्लेन्सबरोच्या शाळांचे सुपरिंटेंडंट (प्रमुख) डेव्हिड अ‍ॅडरहोल्ड यांनी पालकांना सोळा पानी पत्र लिहिलं होतं. मुलांवरचा ताण हाताबाहेर गेलाय, एका वर्षात शंभराहून जास्त मुलांना मानसिक आरोग्य तपासणीसाठी पाठवावं लागलं, असं त्यात होतं. मग तिथे हायस्कूलच्या मिडटर्म आणि फायनल बंद झाल्या, बिनगृहपाठाच्या रात्री ठरल्या. त्यावर पालक सरळ दोन गटांत विभागले, बहुतेक आशियाई घरं एकीकडे आणि गोरी दुसरीकडे. आमच्या घरी त्या बदलांना 'दर्जा घसरवणं' म्हणायचे. आईबाबांच्या मित्रमंडळींत एकानेही आम्हा मुलांना विचारलं नाही की तुम्हाला काय वाटतं. म्हणून आज इथे लिहितेय.

@गणितवाली, एच-४ बद्दल तुम्ही लिहिलंत ते शंभर टक्के खरं आहे. माझी जवळची मैत्रीण त्यातून गेली. पण तिला काय जड गेलं ते सांगते. पैशाहून जास्त जड गेलं ते हे की चार वर्षं तिने शाळेत एकही गोष्ट अशी केली नाही जी अर्जात लिहायची नव्हती. कॉमन अ‍ॅपमध्ये, म्हणजे अनेक कॉलेजांना चालणाऱ्या एकाच अर्जात, उपक्रमांचे दहा रकाने असतात, तिचे दहाही भरलेले होते.

@रारिटनकाठी, तुमच्याशीही माझा एक मुद्द्याचा मतभेद आहे. प्रश्न धावण्याचा नाही. मी मार्चिंग बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. ऑगस्टच्या उन्हात पार्किंग लॉटवर बँड कॅम्प, डांबराच्या वाफा, पायाखाली खडूने आखलेले चौकोन, आणि दर शुक्रवारी रात्री फुटबॉलच्या हाफटाइमला सात-आठ मिनिटं. आमचा संघ बहुतेक हरायचा. तरी शुक्रवारची वाट बघायचे. एखाद्या मुलाला धावणं नको असेल आणि आईबाबांनी 'संघभावना शिकेल' म्हणून ढकललं, तर ती क्रॉस कंट्रीही सातवी एपीच झाली.

सांगलीचा

आपल्याकडे दहावीच्या वर्षी पीटीचा तास गणिताचे सर मागून घ्यायचे आणि आम्हाला त्याचं काही वाटायचं नाही. आता बोर्ड राज्य-राष्ट्रीय पातळीवर खेळणाऱ्यांना वाढीव गुण देतं, म्हणजे खेळाचंही पुन्हा गुणांतच मोजमाप. जी मुलं तिथवर पोचत नाहीत त्यांच्यासाठी शाळेनंतर मैदान नाही, कोच नाही, बस नाही. तुमच्याकडे सार्वजनिक शाळेत हे सगळं आहे आणि ते सोडायची चर्चा चालू आहे, याचं वाईट वाटतं.

निशाचर

झोपेचं कोणीच बोललं नाही. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्येच सांगितलं की हायस्कूल साडेआठच्या आधी सुरू करू नये. कॅलिफोर्नियाने २०२२ पासून कायद्याने अंमलात आणलं. आमच्या इथे अजून पहाटे बस येते. पाच एपी आणि सराव हेच आधी जमतंय का ते बघा.

रारिटनकाठी

सगळ्यांना एकत्र लिहिते.

@निशाचर, रास्त आहे. म्हणूनच सहावी नको म्हणतेय. पाचातलीही एखादी जड जातेय असं दिसलं तर ती सोडायला माझी हरकत नाही.

@दुसरी पिढी, ढकलण्याबद्दल तुझं म्हणणं पटतं. माझ्या लेकीच्या बाबतीत मात्र सोडायला तिला ओळखीतले मोठे सांगतायत, ती नाही म्हणतेय.

@गणितवाली, एच-४ घरांचा हिशोब वेगळा आहे आणि त्यांना 'मजा करा' असं सांगायचा मला अधिकार नाही. पण 'गुणांशिवाय आपल्याकडे काय आहे' हे वाक्य आपण मुलांसमोर बोलतो, आणि त्यांना ते असं ऐकू येतं की गुणांशिवाय तुझ्यात काय आहे. माझी सगळी तक्रार त्या वाक्याशी आहे. सहाव्या एपीने रटगर्सचे तीन-चार क्रेडिट वाचतीलही. ते क्रेडिट कॉलेजात जाऊनही घेता येतात, उन्हाळ्यात घेता येतात, कम्युनिटी कॉलेजात (काउंटीचं दोन वर्षांचं कॉलेज) स्वस्तात घेता येतात. सोळाव्या वर्षी शाळेचा संघ मात्र पुन्हा कुठे मिळत नाही.

गणितवाली

कम्युनिटी कॉलेजचा मुद्दा विचार करण्यासारखा आहे. व्हिसावरच्या मुलांना तिथे काउंटीतल्या रहिवाशांची फी लागते की जास्त, हे कॉलेजागणिक बदलतं, ते विचारून घेईन. बाकी मत कायम आहे. माझा मुलगा सहा घेणार.

पण एक विचारायचं होतं. धाकटी नववीत जातेय आणि तिला धावायचंच आहे म्हणते. शाळेकडून अजून काही कळलं नाही, काय काय लागतं?

रारिटनकाठी

डॉक्टरकडून फिजिकलचा, म्हणजे शारीरिक तपासणीचा, फॉर्म लागेल. जर्सीत तो सरावाच्या पहिल्या दिवसाआधीच्या ३६५ दिवसांतला असावा लागतो, आणि शाळेकडून मंजूर व्हायला वेळ जातो, म्हणून जुलैपर्यंत देऊन टाका. सराव ऑगस्टमध्ये सुरू होतो. बूट मात्र धावण्याच्या दुकानात जाऊन पाय मोजूनच घ्या, ऑनलाइन नको. स्पाइक्स (खिळ्यांचे बूट) पहिल्या वर्षी नसले तरी चालतात. आमच्याकडे लेकीचे लहान झालेले आहेत, माप जुळलं तर घेऊन जा.