पायी नर्मदा परिक्रमा: आईच्या सॅकमधून काय काढू? सल्ला हवाय

रामबाग_इंदूर:
नर्मदे हर मंडळी. देवउठनी ग्यारस (कार्तिकी एकादशी) झाली की आई (वय ५९) ओंकारेश्वरहून पायी परिक्रमेला, म्हणजे नर्मदेला पूर्ण वळसा घालायला, निघतेय, सोबत तिची मावसबहीण आणि भजनी मंडळातले दोन काका. काल सॅक भरून झाली, मी सहज उचलायला गेलो तर एका हाताने उठेना, म्हणून खाली किराणावाल्याच्या काट्यावर नेऊन ठेवली तर ११ किलो ४०० ग्रॅम! आईचं स्वतःचं वजन ५३ किलो आणि यात पाण्याची बाटली अजून रिकामीच आहे.
आत काय आहे तर सोलापुरी चादर, वर एक ब्लँकेट, चार सुती साड्या, दोन स्वेटर, स्टीलचा डबा ताट पेला, पोथी, देवांची डबी, डिंकाचे लाडू दोन किलो, कन्यापूजनाला द्यायच्या गोळ्या आणि पेनं, चार महिन्यांची औषधं, मोठी पॉवरबँक, टॉर्च, छत्री. एकेक वस्तू हातात घेऊन विचारलं तर प्रत्येकीला उत्तर तयार आहे, "अरे, लागली तर?" आणि ती चुकीचं बोलत नाहीये, चार-पाच महिने घराबाहेर राहायचं म्हणजे माणूस असाच विचार करणार. आपल्या इंदूरच्या नळाला नर्मदाच येते, जलूदहून पंपांनी चढवलेली, ती नदी आई आता काठाकाठाने चालत बघणार याचा मला खूप आनंद आहे, पण रात्री झोपताना तिचे गुडघे डोळ्यासमोर येतात. ज्यांनी चालून पाहिलंय त्यांनी सांगा, काय काढू आणि तिला कसं पटवू?

पायवाट:
नर्मदे हर दादा. मी ओंकारेश्वर ते ओंकारेश्वर पूर्ण चाललोय. निघताना माझ्या पाठीवर ९ किलो होते आणि बडवानी येईपर्यंत त्यातलं जवळजवळ निम्मं सामान काही वाटून टाकलं, काही पोस्टाने घरी पाठवलं, म्हणून अगदी कळकळीने लिहितोय. शरीराच्या वजनाचा दहावा भाग धरा, म्हणजे आईंसाठी पाण्यासकट ढोबळमानाने साडेपाच किलो. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो गेलाच, उरले साडेचार, त्यात सगळं बसवायचं.
आधी खायचं काढा. काठावर परिक्रमावासीला कुणी उपाशी ठेवत नाही, कधी आश्रमात पंगत, कधी कुणाच्या ओसरीवर भाकरी, कुठे सदाव्रत मिळतं म्हणजे पीठ-डाळ-तांदूळ-मीठ असा कोरडा शिधा. शिवाय साठवून ठेवायचं नाही हा परिक्रमेचाच नियम आहे, आईंना हे त्या नियमाच्या बाजूने सांगा, माझ्या आईला असंच पटलं असतं. मूठभर चणे-गूळ कमरेच्या पिशवीत असू द्या. कन्यांसाठीच्या गोळ्या-बिस्किटं ज्या त्या गावच्या दुकानातून घ्यायची, दोनशे घरांचं गाव असलं तरी तेवढं मिळतं आणि त्या दुकानदाराला पण चार पैसे होतात.
आता पांघरूण, इथे घाई करू नका. डिसेंबर-जानेवारीत नदीकाठी भयंकर गारठतं. कुठे गादी-रजई मिळते, कुठे शाळेच्या वऱ्हांड्यात नुसती फरशी, आणि थंडी अंगावरून कमी आणि खालून जास्त लागते हे मला तिसऱ्या रात्री कळलं. चादर आणि ब्लँकेट दोन्ही काढा, खाली घालायला फोमची पातळ मॅट घ्या, तिला फारसं वजनच नसतं, आणि वर एक हलकी स्लीपिंग बॅग. नवीन घ्यायची नसेल तर एक लोकरीची मोठी शाल, जी पहाटे चालताना अंगावर पण घेता येते. स्वेटर एकच.
कपड्यांचं गणित वाळण्यावर आहे. अंगावर एक जोड, सॅकमध्ये एक, बास. नर्मदेत साबण लावायचा नाही, त्यामुळे कपडे संध्याकाळी हापशावर धुवायचे आणि ते सकाळी पाचला वाळलेले पाहिजेत. जाड सुती साडी त्या थंडीत वाळत नाही, मग तीच ओली पाठीवर टाकून निघावं लागतं. एखादी झिरझिरीत महेश्वरी साडी किंवा सरळ सलवार-कुर्ता, आमच्या सोबतच्या तीनही ताई सलवार-कुर्त्यावर चालल्या. टॉवेलच्या जागी पंचा.
स्टीलचं ताट पेला घरी ठेवा, एक छोटी झाकणाची कढईवजा वाटी आणि चमचा पुरतो. पाण्याची बाटली पण स्टीलची नको, दुकानातली साधी प्लास्टिकची घ्या.

लष्कर_ग्वाल्हेर:
बूट! सगळे सॅकबद्दल बोलतात आणि बूट निघायच्या आदल्या दिवशी घेतात. एक नंबर मोठे घ्या कारण रोज वीस-पंचवीस किलोमीटर चालून पाय सुजतो, आणि आजपासूनच घालून रोज फिरायला पाठवा. मोज्यांचे तीन जोड ठेवा, या एका बाबतीत कंजूसी नको. संध्याकाळसाठी रबरी चप्पल. मी पूर्ण परिक्रमा नाही केली पण पंढरपूरची वारी तीनदा केलीये, दोन्ही टाचांना फोड आले की सॅक दोन किलोची असो की दहाची, माणूस बसूनच जातो.

बडोदेकर_काकू:
अरे बाळा, आईला माझा नमस्कार सांग. मी फक्त चैत्रातली उत्तरवाहिनी परिक्रमा केलीये, नर्मदा उत्तरेकडे वाहते तेवढ्याच भागाची, रामपुरा-तिलकवाडा, ती एका दिवसाची, त्यामुळे मोठ्या परिक्रमेचं ज्ञान मी देणार नाही. पण एक गोष्ट मला इथून दिसते ती तुम्हाला तिथून दिसत नसेल. तुम्ही सगळं सामान पहिल्या दिवशीच पाठीवर चढवताय, ते कशाला? नदी उजव्या हाताला ठेवून आई आधी दक्षिण तटाने पश्चिमेला जाईल, नदी समुद्राला मिळते तिथे विमलेश्वरहून नावेने पलीकडे मीठी तलाईला उतरेल आणि मग उत्तर तटाने वर येईल. नारेश्वर, चांदोद, गरुडेश्वर हे सगळं उत्तर तटावर आणि आमच्या बडोद्याहून तासा-दीड तासाच्या रस्त्यावर. गरुडेश्वरला टेंबे स्वामींची समाधी आहे, आई तिथे थांबणारच. आमच्या घरून दर वर्षी कुणी ना कुणी तिथे परिक्रमावासींना औषधं, मोजे, चष्मा असं काहीबाही नेऊन देतं. इथल्या कुठल्याही मराठी घराला सांगितलंस तरी कुणी नाही म्हणणार नाही.
आणि नावेसाठी सांगते, ती भरती बघून सुटते, थांबावं लागतं आणि पाणी अंगावर उडतं. सॅकच्या आत एक मोठी जाड पन्नी घालून त्यात सगळं भरा. सॅकवरचं ते महागडं कव्हर नको, पाणी पाठीकडून शिरतंच.

रामबाग_इंदूर:
काकू, हे डोक्यातच आलं नव्हतं. म्हणजे पुढे महेश्वर पण उत्तर तटावरच, ते तर आम्हाला इंदूरहून सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायच्या अंतरावर. मग औषधं दीड महिन्याची द्यायची आणि बाकीची आम्ही गरुडेश्वर आणि महेश्वरला पोचवायची. शाल-स्वेटर पण महेश्वरला परत घेऊन येतो, तोपर्यंत थंडी संपत आलेली असेल ना?

पायवाट:
औषधांचं बरोबर, शालीचं नको! महेश्वरनंतर आई अमरकंटकला चढणार, ते हजार मीटरच्या वर आहे, फेब्रुवारीतही रात्री चांगलाच गारठा असतो. गरम कपडे अमरकंटक उतरल्यावरच परत घ्या, तिकडून नर्मदापुरमपर्यंत (पूर्वीचं होशंगाबाद) आल्या की गाठा, तेव्हा ऊन सुरू झालेलं असतं आणि शालीऐवजी टोपी लागते. मी महेश्वरलाच जर्किन देऊन बसलो होतो आणि पुढे एका म्हाताऱ्या बाबांनी त्यांची घोंगडी माझ्यावर घातली, ते रात्रभर शेकोटीजवळ बसून राहिले. अजून आठवलं की वाईट वाटतं.

औषधी_दुकान_राजवाडा:
औषधांबद्दल माझ्याकडून. गोळ्या पट्टीतून काढून एका डबीत एकत्र करू नका, वजन वाचतं पण नाव आणि तारीख जाते. बाहेरचे खोके तेवढे फेका. प्रिस्क्रिप्शनचा फोटो मोबाइलमध्ये आणि एक कागदी कॉपी, त्यावर औषधाचं मूळ नाव लिहिलेलं असू द्या कारण बडवानीला तीच कंपनी मिळेल असं नाही. ओआरएसची चार पाकिटं, चिकटपट्टी, व्हॅसलीन. बाकी क्रेप बँडेज वगैरे मोठ्या गावात मिळतं. चष्मा असेल तर नंबर पण त्याच कागदावर लिहा.

रामबाग_इंदूर:
काल रात्री आई आणि मी सगळं पलंगावर मांडून बसलो. मी काहीच काढलं नाही, फक्त काटा आणून ठेवला आणि तिलाच एकेक वस्तू ठेवायला सांगितली. लाडू तिने स्वतःहून बाजूला केले, पायवाटदादांचा साठवणीचा नियम वाचून दाखवला तेव्हा. ताट, छत्री, चादर, दोन साड्या, पेनं गेली. पोथीच्या रोजच्या पाठाच्या पानांची झेरॉक्स काढली. मोठ्या पॉवरबँकऐवजी माझी छोटी दिली. देवांच्या डबीवर मात्र आम्ही दोघं अडलो, पितळी आहे, ३८० ग्रॅम. शेवटी तिनेच ठरवलं की देव घरी राहतील, मी रोज पूजा करायची, आणि ती सोबत ओंकारेश्वरला भरलेली जलाची शिशी पुजणार, तसंही रोज तिचीच पूजा करायची असते. शिशी छोटी घेतली, अत्तराच्या बाटलीएवढी.
आता सगळं मिळून ४ किलो ७५०, पाण्याशिवाय. अजून पाव किलो कमी व्हायला हवं. आज सकाळी सॅक लावून, नवे बूट घालून रामबाग ते राजवाडा आणि परत अशी फिरून आली, म्हणाली डावा पट्टा खांद्याला काचतोय. यावर काही उपाय?

पायवाट:
कमरेचा पट्टा आधी घट्ट करायला सांगा, मग खांद्याचे सैल. वजन कमरेवर बसलं पाहिजे. सॅकला कमरेचा पट्टाच नसेल तर सॅक बदला, तो पाव किलो त्यातच निघेल. वाटेतल्या शूलपाणीच्या जंगलातल्या चढात हा पट्टाच वाचवतो.