मदत हवी आहे: घरी बनवलेल्या व्हीसीओचा सूर उन्हात उतरतो

अ‍ॅनालॉग मॉड्युलर सिंथचा (सुटे भाग जोडून बनवायच्या सिंथेसायझरचा) पहिला व्हीसीओ, म्हणजे दिलेल्या व्होल्टेजनुसार सूर काढणारा ऑसिलेटर, बनवलाय. सॉ-कोर (करवती लाट काढणारा), 1 व्होल्टला एक सप्तक, ±12 व्होल्ट सप्लाय. सकाळी 26 अंशांना चार सप्तकं नीट जुळवली, तर दुपारी 32 ला वरचा सा जवळजवळ अर्धा स्वर उतरलेला असतो. खालचा सा मात्र जागेवर. म्हणजे दोष एक्स्पोनेन्शियल कन्व्हर्टरच्या (व्होल्टेजचं सप्तकांत रूपांतर करणाऱ्या भागाच्या) स्केलमध्येच आहे, असं मला वाटतं.

त्या कन्व्हर्टरमधली बीसी547 ट्रान्झिस्टरची जोडी मल्टिमीटरवर 1 मिलिव्होल्टच्या आत जुळवून, पोटाला पोट चिकटवून वर हीट-श्रिंक चढवलीय. रेझिस्टर 1 टक्क्याचे मेटल फिल्म आहेत. सप्लाय दिवसभर स्थिर आहे, तपासलाय.

ही घसरण भरून काढणारा 3300 पीपीएमचा टेम्पको (अंशाला 0.33 टक्के वाढणारा रेझिस्टर) मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळाला नाही, परदेशातून एक-दोन नग मागवणं परवडत नाही. हाताशी केटीवाय81-110 हा तापमान-सेन्सर आहे: 25 अंशांना 1 किलोओहम, अंशाला सुमारे 0.79 टक्के वाढ. सीरिजमध्ये 1.4 किलोओहम घातला तर एकूण वाढ 0.33 टक्क्यांवर येते.

कोणी हे प्रत्यक्ष वापरलंय का? 20 ते 35 अंशांत चार सप्तकं सुरात राहतील, की सरळ सीए3046 (एकाच चिपवर पाच ट्रान्झिस्टर) घेऊन त्यातलाच एक ट्रान्झिस्टर चिपचं तापमान कायम ठेवणारा हीटर म्हणून वापरू?