सह्यांवरून वातावरण कळत नाही

"आचारसंहितेवर सगळ्यांच्या सह्या आहेत, म्हणजे कंपनीत नीतीचं वातावरण आहे" असं कुणी म्हटलं, तर ते मला अजिबात पटत नाही. व्हिक्टर आणि कलन या संशोधकांनी १९८८ साली कामाच्या जागचं नीतीचं वातावरण मोजायला प्रश्नावली मांडली, ती कागदावरचे नियम तपासत नाही. इथे निर्णय कशावरून होतात, स्वार्थावरून, माणसांच्या काळजीवरून की नियम-कायद्यावरून, हे ती काम करणाऱ्यालाच विचारते.

वाळूजला सुट्या भागांच्या एका कारखान्यात मी क्वालिटीला होतो. महिनाअखेरीला गाडी गेटवर उभी असायची आणि गेज, म्हणजे माप तपासायचं साधन, न लावताच तक्त्यात रीडिंग भरली जायची. एका पोरानं लॉट अडवला. त्याला कुणी चकार शब्द बोललं नाही, फक्त नंतर त्याची रात्रपाळी काही सुटेना. अख्ख्या शॉपला जे समजायचं ते समजलं.

आपल्या मराठवाड्यात आणखी एक अडचण. कंत्राटी पोरं बऱ्याचदा गावच्याच ओळखीनं, ठेकेदाराच्या शब्दावर लागलेली. तक्रार केली की ती थेट पैठण-गंगापूरकडच्या घरापर्यंत पोचते. कायद्यानं जादा कामाला दुप्पट दर आहे, पण तो मागायचा कुणाच्या तोंडानं? म्हणून एकाच शेडमध्ये कायम कामगाराला कंपनी न्यायी वाटते आणि शेजारच्या मशीनवरच्या पोराला तसं वाटत नाही. दोघंही खरंच सांगत असतात.

कंपनीत पाहणी करायचीच असेल, तर या दोघांची उत्तरं वेगळी मोजा. आणि फॉर्म सुपरवायझरच्या हातून वाटू नका.