ब्रॉडबँडवाला आपलं ब्राउझिंग बघून जाहिराती दाखवतो का? त्याला नेमकं काय दिसतं?

नळस्टॉपकर

केबलवाल्यामार्फत घेतलेलं फायबर, राउटर कंपनीचाच. घरात एकाने मिक्सर शोधला की थोड्या वेळात दुसऱ्याच्या फोनवर मिक्सरच्या जाहिराती सुरू होतात. इनकॉग्निटोनेही फरक पडत नाही. प्रश्न असे: कंपनीला साइट दिसते, पान दिसतं की आपण काय शोधलं तेही? राउटरमध्ये डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) बदलून गूगलचा ८.८.८.८ टाकला तर भागेल का? आणि व्हीपीएनचे (आपली सगळी ये-जा झाकून दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरमार्फत नेणाऱ्या सेवेचे) वर्षाचे पैसे भरण्यात अर्थ आहे का? 'मोठी कंपनी आहे, असं करणार नाही' हे उत्तर नको.

पाना_पक्कड

मिक्सरचं आधी निकालात काढू, कारण तो बहुधा प्रोव्हायडरचा, म्हणजे इंटरनेट देणाऱ्या कंपनीचा, उद्योग नाही. घरातली सगळी उपकरणं बाहेरच्या जगाला साधारणपणे एकाच आयपी पत्त्यावरून (जोडणीच्या क्रमांकावरून) दिसतात. जाहिरातवाले त्यावरून 'हे एक घर' असं धरतात आणि एकाच्या शोधाची जाहिरात दुसऱ्याच्या फोनवर जाते. इनकॉग्निटो फक्त त्या खिडकीतली हिस्टरी आणि कुकीज (साइटने ओळखीसाठी ठेवलेल्या खुणा) तुमच्या फोनवरून पुसतं. आयपी तोच राहतो, आणि आत लॉगिन केलंत तर ओळखही तीच.

आता प्रोव्हायडर. साइट एचटीटीपीएसवर, म्हणजे कुलूपबंद जोडणीवर, असेल (आज बहुतेक असतात) तर पान, शोधलेले शब्द, पासवर्ड यातलं काही दिसत नाही. साइटचं नाव मात्र दोन ठिकाणी गळतं. पहिलं डीएनएस: 'या नावाचा पत्ता काय' ही विचारणा पोर्ट ५३ या ठरलेल्या दारातून उघडी जाते. दुसरं एसएनआय: एचटीटीपीएस जोडणी सुरू होताना पहिल्याच निरोपात साइटचं नाव साध्या अक्षरांत असतं. शिवाय किती वाजता, किती वेळ, किती डेटा हे असतंच. रात्री दोन वाजता कर्जाच्या तीन साइट आणि एक वकिलाची, एवढी नावं जाहिरातवाल्याला पुरतात. पान बघायची गरजच काय?

म्हणून राउटरमध्ये नुसतं ८.८.८.८ टाकून काही लपत नाही. विचारणा गूगलकडे जाते, पण जाते प्रोव्हायडरच्याच तारेतून आणि उघडीच. त्यात आता गूगललाही कळतं. बदलायचा आहे तो पत्ता नव्हे, पाकीट: विचारणा एन्क्रिप्ट करून, म्हणजे वाटेत वाचता येणार नाही अशी, पाठवायची.

अँड्रॉइड ९ किंवा पुढचं: सेटिंग्ज, नेटवर्क, प्रायव्हेट डीएनएस. तिथे 'ऑटोमॅटिक' ठेवू नका. त्यात नेटवर्कने दिलेला, म्हणजे बहुधा प्रोव्हायडरचाच, डीएनएस वापरला जातो आणि त्याला एन्क्रिप्शन जमत नसेल तर फोन गुपचूप उघड्यावर येतो. 'प्रोव्हायडर होस्टनेम' निवडा आणि 'डीएनएस डॉट क्वाड९ डॉट नेट' किंवा 'वन डॉट वन डॉट वन डॉट वन' टाका, अर्थात इंग्रजी अक्षरांत. १.१.१.१ असा नुसत्या आकड्यांचा पत्ता टाकला तर सेव्ह होत नाही, बरेच जण इथेच अडकतात. हा डीएनएस साधारणपणे पोर्ट ८५३ वरून जातो. हॉटेलच्या किंवा स्टेशनच्या वायफायवर लॉगिनचं पान उघडलं नाही तर दोन मिनिटं ऑटोमॅटिक करा, लॉगिन झालं की परत आणा.

विंडोज ११ मध्ये नेटवर्कच्या सेटिंगमध्ये डीएनएस मॅन्युअल करून 'डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस' (एन्क्रिप्टेड डीएनएसचाच एक प्रकार) ऑन करायचं. फायरफॉक्समध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'च्या तळाशी 'मॅक्स प्रोटेक्शन'. त्याच्या आधीचा पर्याय अडचण आली की प्रोव्हायडरच्या डीएनएसवर परततो. ऑफिसच्या लॅपटॉपवर हे करण्याआधी विचारा, कंपनीच्या आतल्या साइट उघडायच्या बंद होतात.

जुनी_फाइल

'करणार नाही' म्हणणाऱ्यांसाठी थोडा इतिहास. ब्रिटनमध्ये बीटी या तिथल्या मोठ्या टेलिफोन कंपनीने २००६ आणि २००७ मध्ये फॉर्म नावाच्या कंपनीची यंत्रणा ग्राहकांना न सांगता चाचणीला लावली. २००६ च्या चाचणीत सुमारे १८,००० जोडण्या होत्या. प्रोव्हायडरच्या केंद्रातली पेटी प्रत्येक पान उघडून वाचायची, त्यातल्या शब्दांवरून ग्राहकाचा कप्पा ठरवायची, आणि ओळख पटवण्यासाठी त्याच साइटच्या नावाने आपली कुकी ठेवायची. साइटच्या मालकालाही पत्ता नाही. २००८ मध्ये हे फुटलं, युरोपियन कमिशनने २००९ मध्ये ब्रिटनविरुद्ध कारवाई सुरू केली, बीटीने हात काढून घेतला. खटला मात्र उभा राहिला नाही, ब्रिटनच्या सरकारी वकिलांनी २०११ मध्ये नकार दिला.

अमेरिकेत व्हेरायझन ही दूरसंचार कंपनी २०१२ पासून मोबाइल ग्राहकांच्या प्रत्येक उघड्या एचटीटीपी विनंतीला स्वतःचा ओळखक्रमांक चिकटवत होती. तो फोनवर साठवलेलाच नसल्यामुळे पुसता यायचा नाही. टर्न नावाच्या जाहिरात कंपनीने ग्राहकांनी पुसलेल्या कुकीज त्याच क्रमांकावरून पुन्हा जिवंत केल्या. २०१६ मध्ये व्हेरायझनला दंड झाला साडेतेरा लाख डॉलर, म्हणजे त्या कंपनीच्या मानाने चहापाण्याचा खर्च. एटी अँड टी या दुसऱ्या दूरसंचार कंपनीचा प्रकार तर उघड होता: २०१३ मध्ये ऑस्टिनमध्ये फायबर ७० डॉलरला, आणि 'माझं ब्राउझिंग जाहिरातीसाठी बघू नका' म्हणालात तर ९९ ला. महिन्याला २९ डॉलर ही तुमच्या ब्राउझिंगची त्यांनीच लावलेली किंमत. २०१६ मध्ये ती योजना बंद झाली.

त्याच वर्षी तिथल्या एफसीसीने (दूरसंचार नियामकाने) ग्राहकाचं ब्राउझिंग वापरण्याआधी त्याची संमती घेण्याचा नियम केला. अमेरिकी काँग्रेसने (तिथल्या संसदेने) तो मार्च २०१७ मध्ये रद्द केला, सिनेटमध्ये ५० विरुद्ध ४८ मतांनी. तिकडे राहणाऱ्या मराठी मंडळींनी म्हणून आपल्या खात्यात 'प्रायव्हसी'खाली जाहिरातींचे पर्याय स्वतः जाऊन बंद करावेत. बऱ्याच ठिकाणी ते प्रत्येक नंबरासाठी वेगळे असतात. मुख्य नंबरावर बंद केलं आणि घरच्यांच्या लाइनवर चालूच, असं होतं. मेन नावाच्या अमेरिकी राज्याने मात्र २०२० पासून उलट नियम लावलाय: आधी संमती, मग वापर.

कलम_कसाई

भारतापुरतं. २०१५ मध्ये बंगळुरूच्या एका प्रोग्रामरला एअरटेलच्या थ्रीजीवर उघडलेल्या पानांत बाहेरची स्क्रिप्ट (छोटा प्रोग्राम) घुसवलेली आढळली. कंपनीचं म्हणणं होतं की ग्राहकाला डेटाचा वापर कळावा म्हणून ही चाचणी होती. स्क्रिप्ट इस्रायलच्या फ्लॅश नेटवर्क्सची निघाली आणि त्या कंपनीने नोटीस पाठवली ती त्या प्रोग्रामरलाच. एचटीटीपीएस पसरल्यावर अशी घुसखोरी अवघड झाली. एसएनआय वाचणं मात्र इथे पुस्तकी गोष्ट नाही: जिओ एसएनआय बघून साइट अडवते, हे बंगळुरूच्या सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटीने २०१९ मध्ये दाखवलं. अडवण्यासाठी वाचता येतं तर मोजण्यासाठीही येतं.

प्रोव्हायडरला सरकारकडून मिळालेल्या लायसन्सच्या अटींनुसार कोणता आयपी कोणाकडे होता, कुठल्या पत्त्याशी कधी जोडला, या नोंदी दोन वर्षं ठेवाव्या लागतात (डिसेंबर २०२१ पूर्वी एक वर्ष). त्या तपासयंत्रणांसाठी असतात. त्यावरून जाहिराती विकायची परवानगी त्यात नाही. दोन्हींची गल्लत करू नका.

डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात. तेव्हा 'माझा डेटा कोणाकोणाला दिला' हे विचारता येईल, आणि अठरा वर्षांखालच्यांवर पाळत ठेवून जाहिराती दाखवायला मनाई असेल. आज करण्यासारखं एवढंच: कनेक्शनच्या फॉर्ममध्ये आणि कंपनीच्या ॲपमध्ये 'पार्टनर ऑफर्स'ची खूण काढा, ॲपची लोकेशन आणि कॉन्टॅक्टची परवानगी काढा. १९०९ वरचं डीएनडी फोन आणि एसएमएससाठी आहे, ब्राउझिंगशी त्याचा संबंध नाही.

पाना_पक्कड

व्हीपीएन राहिलं. प्रोव्हायडरला फक्त एक बंद नळी दिसते, हे खरं. पण नळीच्या दुसऱ्या टोकाला व्हीपीएनवाला बसलाय आणि त्याला पूर्वी प्रोव्हायडरला दिसत होतं ते सगळं दिसतं. फुकटवाल्यांचा मासला हवा असेल तर फेसबुकने २०१३ मध्ये विकत घेतलेलं ओनावो बघा: 'सुरक्षित व्हीपीएन' म्हणून दिलं आणि लोक कुठली ॲप वापरतात ते त्यातून मोजलं. सर्ट-इन या भारत सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाने ग्राहकांची नावं-पत्ते पाच वर्षं ठेवणं आलं, तेव्हा अनेक मोठ्या व्हीपीएन कंपन्यांनी भारतातले सर्व्हर हलवले. त्यामुळे यादीत 'इंडिया' दिसलं तरी सर्व्हर सिंगापुरात असू शकतो आणि वेग पडतो. जाहिरातींपुरतं एन्क्रिप्टेड डीएनएस आणि फायरफॉक्स पुरे, माझं तरी हेच मत. फायरफॉक्समध्ये (११९ पासून) एसएनआयही झाकण्याची ईसीएच नावाची सोय आहे, पण ती समोरच्या साइटने दिली असेल तरच चालते, आणि एन्क्रिप्टेड डीएनएस चालू नसेल तर तिचा उपयोग नाही.

आणि आयपीव्ही६ (आयपी पत्त्यांची नवी पद्धत, जुनी ती आयपीव्ही४) विसरू नका. राउटरमध्ये लोक आयपीव्ही४ चा डीएनएस बदलतात, फोन मात्र आयपीव्ही६ वरून प्रोव्हायडरचाच वापरत राहतो. दोन्ही रकाने भरा.

तपासायचं असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये एनएसलुकअप, मग कुठल्याही साइटचं नाव, मग १९२.०.२.१. हा पत्ता पुस्तकांतल्या उदाहरणांसाठी राखून ठेवलेला आहे, तिथे सर्व्हरच नाही. टाइमआउट आलं तर ठीक. उत्तर आलं तर वाटेत कोणीतरी तुमची विचारणा पकडून स्वतः उत्तर देतंय.

नळस्टॉपकर

उत्तर आलं! लगेच. आता?

पाना_पक्कड

पकडणारा राउटर आहे की त्याच्या मागची कंपनी, ते आधी ठरवा. एन्क्रिप्टेड डीएनएसला याची बाधा होत नाही, म्हणजे फोन आणि लॅपटॉप वर सांगितल्यासारखे करून आजच सुटतात. उरतो टीव्ही, त्यात ही सेटिंग बहुधा नसते. त्यासाठी कंपनीच्या पेटीला, म्हणजे राउटरला, ब्रिज मोडमध्ये (ती नुसती जोडणी पुढे देते, राउटरचं काम करत नाही) टाकून मागे स्वतःचा राउटर लावावा लागेल, डीएनएस ओव्हर टीएलएस (एन्क्रिप्टेड डीएनएसचा आणखी एक प्रकार) जमणारा. मग तीच तपासणी पुन्हा करा. अजूनही उत्तर आलं, आणि नवीन राउटर स्वतःच विचारणा वळवत नसेल, तर पकडणारा पेटीच्या पलीकडे, कंपनीच्या जाळ्यात आहे.

ब्रिज करण्याआधी केबलवाल्याकडून पीपीपीओईचं (राउटर कंपनीकडे लॉगिन करतो त्या पद्धतीचं) युजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅन नंबर (राउटरमध्ये भरायचा जोडणीचा क्रमांक) लिहून घ्या. जुन्या पेटीचा मॅक पत्ता (यंत्राचा स्वतःचा ओळखक्रमांक) त्यांच्याकडे बांधलेला असेल तर तो सोडायला सांगा, नाहीतर नवीन राउटर लॉगिनच करणार नाही. त्याच पेटीतून लँडलाइन चालत असेल तर ती बंद पडू शकते, तेही आधीच विचारा. आणि हे रविवारी करू नका, फोन उचलायला कोणी नसतं.