क्लास बदलण्याआधी पेपर बघा
दहावीला गणिताची शिकवणी लावूनही मुलांचे सराव परीक्षेत मार्क हलत नाहीत, म्हणून क्लास बदलायचा विचार चाललाय? जरा थांबा. तपासलेला पेपर घेऊन प्रत्येक चुकीसमोर 'पद्धत', 'चिन्ह' की 'वेळ', ते लिहा. वर्गसमीकरणात नेहमीचा घोटाळा: २x²−७x+५=०, म्हणजे ए=२, बी=−७, सी=५. कंस न घालता बीचा वर्ग −४९ लिहितात, मग विवेचक (बीचा वर्ग − ४×ए×सी) ९ ऐवजी −८९ येतो आणि 'वास्तव मुळे नाहीत' लिहून मोकळे! खरी मुळे १ आणि ५/२. किमती कंसातच घालायची सवय लावा, मुळे समीकरणात घालून ताळा करायला लावा. ही कामं घरीही होतात. चुका 'पद्धत' गटातल्याच जास्त असतील, तर मात्र शिक्षकांशी बोला. शिवाय बीजगणित, भूमिती दोन्हींचे ४० गुणांचे पेपर दोन तासांचं घड्याळ लावूनच सोडवून घ्या.